शेंदराचं कवच

कात्रजच्या तलावाचं पाणी कसबा पेठेतल्या त्या आळीपर्यंत अजून पोचायचं होतं, तेव्हाची गोष्ट. आळीला विहीर एकच, आणि विहिरीच्या भिंतीत कोनाड्यात शेंदराचा गणपती. मथुराबाई रोज पहाटे त्याला तेलशेंदूर लेपायच्या. इतकी वर्षं, की देवाचे डोळेसुद्धा आत बुडून गेले होते. पदरी मूल नव्हतं. हात तेवढे होते, ते देवाला दिलेले.

शेजारच्या बायडाबाईंना मात्र देवाने ओंजळ भरून दिलेलं. चार मुलगे, वर शेंडेफळ मैना. हळदीकुंकवाला पहिलं बोट बायडाबाईंना, ओटीचा पहिला नारळ बायडाबाईंना. अशा दिवशी मथुराबाईंना घास गिळवत नसे.

त्या चैत्रात देवाने कवच सोडलं. वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर अखंड सुटून आला. तो आता वाजतगाजत मुठा नदीत सोडायचा; पण डोक्यावर कोणी घ्यायचा?

"लेकुरवाळीनेच घ्यावा हो," आळीतल्या बायका म्हणाल्या. "बायडाबाई, तुम्हीच."

"लेपलंय मथुराबाईंनी. आधी त्यांना विचारा," बायडाबाई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, तेच मथुराबाईंना जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीआधी, आळी उठायच्या आत, मथुराबाईंनी कवच उचललं आणि विहिरीत सोडलं. बायका जमल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत देव आपणहून उतरला. नदीला जायचंच नव्हतं त्याला."

झालं! विहिरीच्या पाण्याचं तीर्थ झालं. घागरीत लाल कण आले की लोक कपाळाला लावत, मुलांच्या जिभेवर ठेवत, आणि मथुराबाईंच्या पाया पडत. बायडाबाईसुद्धा पडल्या. त्या दिवशी मथुराबाई पोटभर जेवल्या.

श्रावणात सगळी आळी पोट धरून बसली. कळा, ओकाऱ्या, पांढरेफटक चेहरे. मैना तर वाळून काडी झाली. तीर्थ तिलाच सगळ्यांत जास्त पाजलेलं. मथुराबाईंच्याही पोटात दुखे, पण लाल कण त्यांनी कधी जिभेला लावले नव्हते. देव आपणहून उतरला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं ना!

एके दिवशी दीनानाथ वैद्य त्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, शेंदूर शिशाचा करतात. तो मूर्तीला लावायचा, पोटात घालायचा नव्हे. हे पाणी बंद करा म्हणून घसा सुकला माझा. पण देव आपणहून उतरलाय म्हणतात; तिथं वैद्याला कोण विचारतो? तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

मथुराबाई बायडाबाईंकडे गेल्या. मैना आईच्या मांडीवर होती आणि आईच्या हातात पाण्याची वाटी.

"ते पाणी नका देऊ तिला. वैद्य म्हणतात, शेंदूर बाधतोय."

बायडाबाईंचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "माझा मान तुम्हाला बघवला नाही, मुलं बघवली नाहीत. आता तीर्थही बघवेना होय?" त्यांनी वाटी पोरीच्या ओठांना लावली.

मथुराबाईंनी हाताने ती उडवली. "देव नव्हता उतरला! मी टाकला. तुमच्या डोक्यावर बघवला नसता म्हणून!"

बायडाबाई पदराने मैनेचे ओठ पुसत राहिल्या, पुन्हा पुन्हा.

तेव्हापासून आळी नदीचं पाणी भरू लागली. पाऊस ओसरल्यावर विहीर उपसली. गाळातले लाल तुकडे वैद्यांनी मुठेत टाकू दिले नाहीत. "खालच्या अंगाला माणसंच राहतात," ते म्हणाले. लांब माळावर पुरायचं ठरलं. पाटी भरली, पण हात लावायला कोणी पुढे येईना.

"घ्या की," बायडाबाई दारातून म्हणाल्या. "हवं होतं ना डोक्यावर?"

मथुराबाईंनी पाटी डोक्यावर घेतली. ना ताशा, ना फुलं. जाता जाता त्यांनी वळून पाहिलं. बायडाबाईंच्या कडेवर मैना होती. सकाळी पोरीने पेज मागून घेतली होती, आता आईच्या नथीशी खेळत होती. मथुराबाईंना बरं वाटलं. आणि तरीही काळजात ती जुनी कळ आलीच.

"गजानना," पाटी सावरत त्या पुटपुटल्या, "एवढी एक कळ तेवढी राहिली बघ. तीही काढ."