बार म्हणजे लोखंड

माझं तळवड्यात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि वेल्डिंगचा एक कोपरा. आमच्या धंद्यात लोखंडाच्या गोल सळईला बार म्हणतात. बार आला, बार कापला, बार वाकडा निघाला, हे दिवसभर चालू असतं. या शब्दाला दुसरे अर्थ नाहीत असं नाही. लग्नाचा बार उडतो, फटाक्याचा बार फुसका निघतो, आणि दारूचे बार तर संध्याकाळी कुणालाही सापडतात. पण वर्कशॉपात उभं राहून बार म्हटल्यावर ज्याच्या मनात लोखंडाशिवाय दुसरं काही येईल, त्यानं सरळ दुसरा धंदा बघावा.

माझा एक मित्र थेरगावात गाड्या दुरुस्त करतो. जुन्या थेरगावातला मुसलमान, तोंडाचा फटकळ, हाताचा कसबी. त्याच्यामुळे मी नदीच्या नादाला लागलो. दर रविवारी आम्ही काही जण चाकणच्या बाजूला एका नाल्यावर जायचो. वरच्या अंगाला एक कंपनी आहे, तिचं पाणी त्या नाल्यातून नदीत येतं. कधी जांभळं, कधी नुसताच फेस. आम्ही त्या पाण्याच्या बाटल्या भरायचो, तपासायला द्यायचो, अर्ज करायचो, आणि कुणी उत्तर देत नाही म्हणून पुढच्या रविवारी परत जायचो. बायको म्हणायची, घरातलं पाणी कधी एवढ्या निष्ठेनं भरलं नाही तुम्ही.

नाल्यातून थर्माकोल आणि प्लास्टिकही वाहत यायचं. ते अडवायला तोंडाशी जाळी बसवायची असं ठरलं. चौकट करायचं काम माझं. मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, 'बार आले. शनिवारी कापून ठेवतो. रविवारी नाल्याच्या तोंडाशी लावू. कंपनीच्या सिक्युरिटीला पत्ता लागू द्यायचा नाही.' मागच्या खेपेला सिक्युरिटीवाल्यांनी आम्हाला हुसकावलं होतं, म्हणून शेवटचं वाक्य. मित्रानं खाली लिहिलं, 'गाडी माझी.' एवढाच आमचा कट.

रविवारी तो टेम्पो घेऊन पुढे निघाला, मी दुचाकीवर मागून. कंपनीनं आधीच तक्रार देऊन ठेवली होती की काही लोक नुकसान करणार आहेत. मी पोचलो तेव्हा टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा होता आणि मित्र पोलिसांच्या जीपमध्ये. टेम्पोत कापलेले बार, वेल्डिंगचं सामान आणि आदल्या रविवारी भरलेल्या बाटल्या. एका बाटलीचं झाकण उघडलं तर हवालदारानं नाकाला रुमालच लावला. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'उग्र वासाचे संशयास्पद रसायन'. ज्या पाण्याचा मालक कोण हे कुणीच सांगत नव्हतं, त्याला त्या सकाळी मालक मिळाला. माझा मित्र.

मग त्याचा फोन तपासला गेला आणि माझा मेसेज सापडला. मला ठाण्यात बोलावलं. समोरचे साहेब मराठवाड्यातले, बोलायला चांगले होते. त्यांनी चहा मागवला.

"आमच्याकडं विहिरीला बार लावतेत," ते म्हणाले. "सुरुंगाचे, खडक फोडायला. लहानपणापासून ऐकलेलं आहे. तुम्ही लिहिलंय, बार आले, तोंडाशी लावू."

"साहेब, टेम्पोत सापडले तेच बार. वर्कशॉपवर चला. ढीग पडलाय बारचा."

ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलो. दारावरच्या शिपायानं विचारलं, काय आहे? मी म्हणालो, बार, आणि जीभ चावली. साहेबांनी तो तुकडा हातात घेऊन फिरवला, टेबलावर ठोकून बघितला आणि हसले.

"पटलं शेठ. एकदम पटलं."

"मग सोडा त्याला."

"आता ते माझ्या हातात नाही राहिलं. वरनं दहशतवादाची कलमं लागलीत."

मला तेव्हा राग आला तो अजून गेलेला नाही. न पटलेल्या माणसाशी भांडता येतं. पटलेल्या माणसाशी काय भांडायचं? आणि मेसेज लिहिला मी, आत गेला तो. असं का, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. त्याच्या नावात आणि माझ्या नावात जो फरक आहे तो अख्ख्या थेरगावाला ठाऊक आहे. मला त्यांनी साक्षीदार केलं.

त्याच्या वकीलबाईंनी मला समजावलं. या कायद्यात जामिनाच्या वेळी कोर्ट पोलिसांचे कागद बघतं. ते वरवर खरे वाटले की जामीन नाही. बार म्हणजे लोखंड, हे सांगायची वेळ खटल्यात येणार.

"आणि खटला कधी?"

"वर्षं लागतात," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मग मी आत्ताच कोर्टात सांगतो की मेसेज माझा आहे, त्याचा नाही.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "तो सुटणार नाही, तुम्ही मात्र आत जाल. एकट्याला कट करता येत नाही, त्यांना दुसरा हवाच आहे."

तेव्हापासून मी बाहेर आहे, असं लोक म्हणतात. ठाण्यातून फोन आला की मशीन बंद करून जायचं, बाकावर बसायचं, तेच सांगायचं. गावाला जायचं तरी आधी कळवायचं. ग्रुप तर एका दुपारीच रिकामा झाला, शेवटी त्यात मीच एकटा उरलो. एक जुना गिऱ्हाईक काम काढून घेताना म्हणाला, राग मानू नका भाऊ, आमच्या साहेबांना भीती वाटते. मी राग मानला. वर्कशॉपात आता माल आला की कामगार फोनवर 'ते आलंय' एवढंच म्हणतात. फोनवर बोलताना मी प्रत्येक शब्द उलटून बघतो, त्याच्या पोटात आणखी काही निघतंय का ते. भाजीला काय आणू, हे विचारतानासुद्धा.

मित्राच्या घरी गेलो तर त्याच्या बायकोनं चहा दिला आणि दार लोटून घेतलं. ती म्हणाली, "भाऊ, तुमी आता काय बोलू नका. तुमी खरं सांगाया जाता आन् त्यांचा कागूद वाढतो." मी चहा संपवून उठलो. माझ्याकडे खऱ्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

जामिनाच्या सुनावणीला मी गेलो. वकीलबाई चांगल्या बोलल्या. नाल्याचे फोटो दाखवले, जाळीचं चित्र दाखवलं, सळईला बार म्हणतात हेही सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अर्ज फेटाळला. या टप्प्यावर त्यात शिरता येणार नाही, म्हणाले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये दोन पोलीस त्याला घेऊन आले. तुरुंगाकडून आलेले, मला ओळखत नव्हते. तो वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. मला बघून तो थांबला आणि त्याच्या तोंडावर हसू आलं, गॅरेजमध्ये यायचं तसंच.

"राव, रविवारी जातोस का अजून?"

दोघेही पोलीस माझ्याकडे वळले. हो म्हणावं तर त्यांच्या लेखी बाहेर टोळी चालू आहे. नाही म्हणावं तर आधी जात होती. वकीलबाईंनी बजावलं होतं, पोलिसांसमोर नदीचा एक शब्द नको, त्याच्यासाठीच नको.

"कुठं?" मी विचारलं.

मग त्यानं सावकाश मान हलवली, कुणाचं तरी पटल्यासारखी.

"ह्ये कोन हायत?" त्यातल्या एका पोलिसानं त्याला विचारलं.

"काय की," तो म्हणाला. "मला वाटलं वळखीचं हायत. न्हाईत, साहेब."