एकाला दोन ठेवणारे आमचे साडू

आख्ख्या बीड जिल्ह्यात आमच्या साडूंसारखा माणूस एकच आहे, आणि ही गोष्ट खुद्द त्यांनाच पसंत नाही. कुठलीही वस्तू एकटी असणं हा त्यांच्या मते निव्वळ निष्काळजीपणा. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असतात, खिशाला दोन पेनं, दाराला दोन कुलपं. दोन्ही कुलपांच्या किल्ल्यांचे दोन जुडगे, त्यातला एक कायम माझ्या घरी. एकदा नेकनूरला लग्नाला जायचं होतं, तर स्वतः एसटीत बसले आणि मला त्यांची स्कूटर देऊन एसटीच्या मागे यायला लावलं. "गाडी बंद पडली म्हंजी?" हा त्यांचा सवाल. मी तीस वर्षं पोरांना मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. निघालो धूळ खात. एसटी काही बंद पडली नाही. स्कूटर पडली. ते वेळेवर पोचले, अक्षता टाकल्या, जेवले, पान खाल्लं आणि मग मला शोधत आले. मी घामाघूम होऊन स्कूटर ढकलत होतो. माझ्याकडे बघून अगदी समाधानानं म्हणाले, "बघा गुर्जी, म्हनून दोन लागतात."

मुलीच्या लग्नात त्यांनी दोन आचारी सांगितले. एक आला नाही तर दुसरा असावा म्हणून. दोघंही आले. दोघांनाही वाटलं, मुख्य आचारी आपणच. दोघांनी आपापल्या अधिकारात एकाच वरणात मीठ टाकलं, आणि वऱ्हाडी मंडळी घासागणिक पाणी पीत जेवली. साडूंच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही त्यांना आक्का म्हणतो. आक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हे मात्र चुलीपाशी उभे राहून, काहीतरी मोठा शोध लागल्यासारखे खुलले होते. "गुर्जी, आमच्या दवाखान्यातल्या मशिनीत बी ह्येच व्हतं. दोघं बी म्हनतात मीच मालक. तवा तिसरा लागतो, मालक कोन त्ये सांगनारा." पुढे नातवाच्या बारशाला त्यांनी पुन्हा दोन आचारी सांगितलेच, पण या वेळी मिठाचा डबा देऊन आमच्या सासूबाईंना दोघांच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. त्या दिवशीच्या वरणाची चव मला अजून आठवते.

साडू बीडच्या एका खासगी दवाखान्यात संगणकाचं काम बघतात. पेशंटची नोंद, रक्ताचे रिपोर्ट, कुणाला कोणतं औषध चालत नाही, असं सगळं तिथल्या सर्व्हरमध्ये असतं. तो बंद पडला की नर्सबाई वहीत लिहू लागतात आणि डॉक्टर ओरडू लागतात. हे घडू नये म्हणून साडूंनी सर्व्हरच्या त्या एका पेटीच्या पोटात दोन संगणक तयार केले. हाताला लागत नाहीत, पण वागतात अगदी खऱ्यासारखे. दोघं क्षणाक्षणाला एकमेकांना विचारतात, "हाय का?" उत्तर आलं नाही की दुसरा त्याचं काम उचलतो. हे दाखवायला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं, एक संगणक बंद केला आणि वॉर्डातल्या नर्सबाईंकडे बोट दाखवलं. बाई आपल्या टाइप करतच होत्या. त्यांना पत्ताच नव्हता. लेकराचं पहिलं पाऊल बघावं तसा साडूंचा चेहरा झाला होता. लगेच मात्र कपाळाला आठी. "पन पेटी एकच हाय ना. ती गेली की दोघं बी गेले." दुसऱ्या पेटीसाठी ते विश्वस्तांकडे गेले. त्यांना समजावलं, "साहेब, तुमच्या घरी माठ दोन हायेत, पन तिवई एक. तिवई मोडली तर प्याल काय?" विश्वस्तांना ते इतकं पटलं की त्यांनी घरी जाऊन दुसरी तिवई घेतली. दवाखान्याला दुसरी पेटी यायला पुढे वर्ष लागलं. ती आली तेव्हा साडूंनी एकेका पेटीत एकेक संगणक हलवला आणि दोन्ही पेट्यांसाठी दोन नारळ फोडले.

अशा माणसाचा उजवा डोळा अधू होत होता. दारं खांद्याला लागायची, चहा कपाबाहेर सांडायचा. आक्का मागे लागल्या की म्हणायचे, "देवानं कावून दोन दिलेत? एक थकला तरी दुसरा चालू हाय. कामात खंड न्हाई." आम्ही हसायचो. मीही हसायचो, याची मला आता लाज वाटते. शेवटी आक्कांनी आणि मी त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. काचबिंदू होता. उजवा गेल्यात जमा होता, आणि डावाही त्याच वाटेनं निघाला होता. महिन्याच्या आत संभाजीनगरला ऑपरेशन झालं तर डावा राहील, असं बाई म्हणाल्या. परत येताना साडूंनी डावा डोळा हातानं झाकून रस्ता बघितला. मग म्हणाले, "एक पडला ह्ये दुसऱ्यानं कळूच दिलं न्हाई, गुर्जी."

तरी जाईनात. तिथे आठ दिवस राहायचं, मग मशिनीजवळ कोण? दवाखान्यानं पुण्याहून फोनवर सांभाळणारा माणूस बघितला होता. "आवाज ऐकून मशीन कळती व्हय?" म्हणून त्यांनी तो मोडीत काढला. दोन पेट्या, दोन पंखे, दोन बॅटऱ्या जमवणाऱ्या माणसानं स्वतःच्या जागी दुसरा कधी तयारच केला नव्हता. आक्का स्वयंपाकघरात डोळे पुसत होत्या. मी तिथेच म्हणालो, "मला शिकवा." साडूंनी माझ्याकडे असं बघितलं की वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाला माझ्या नजरेपुढे कसं वाटत असेल, ते मला कळलं.

काम तसं सोपं होतं. एक पेटी पडली तर हात लावायचा नाही, दुसरी आपोआप काम घेते का ते बघायचं, आणि घेतलंच नाही तर वहीत लिहिल्याप्रमाणे करायचं. वही त्यांनी दोन प्रतींत लिहून दिली. पहिल्या परीक्षेला त्यांनी भरदुपारी एक पेटी बंद केली, आणि घाबरून मी चालू असलेली दुसरीच बंद करून ठेवली. वॉर्डातून नर्सबाईंचा जो आवाज आला, तो पार रस्त्यावर गेला असेल. साडूंनी सगळं परत चालू केलं आणि जाणं पुढे ढकललं. डॉक्टर बाईंनी सांगितलेल्या महिन्यातले बारा दिवस उरले होते. मी रोज जाऊन त्या थंड खोलीत वही पाठ करू लागलो. मराठीच्या परीक्षांनाही मी कधी इतका अभ्यास केला नव्हता. दुसऱ्या परीक्षेला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. दिवा लाल झाला, मग पिवळा, मग हिरवा. वॉर्डात शांतता. साडू दाराशी उभे होते. "काई केलं न्हाई?" "काही नाही." "ह्येच औघड असतं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले.

डावा डोळा राहिला. घरची विश्रांती संपवून महिन्याभरानं काळा चष्मा लावून ते दवाखान्यात आले, वाकून दोन्ही पेट्यांचे दिवे बघितले, धूळ पुसली. मग एकदम माझ्याकडे वळले.

"गुर्जी, समजा तुमालाच काई झालं तर?"

"तुम्ही आहात की, भाऊ."

"मी एका डोळ्याचा मानूस."

"मला चालेल," मी म्हणालो.

ते चष्मा काढून पुसत राहिले. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो, आणि हा नसेल तर माझं कठीण आहे, हे मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं. तसं सांगणं मात्र जमलं नाही. साडू साडूला असलं काही सांगत नाहीत. आम्ही चहाला निघालो. आता आम्ही रोजच जातो. रस्ता ओलांडताना मी त्यांच्या उजव्या बाजूला असतो. तिकडून येणाऱ्या गाड्या मी बघतो.