सज्जा नसलेला फोटो

गेल्या जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी, नंदुरबारच्या जुन्या बाजारातल्या एका दुमजली इमारतीचा लाकडी सज्जा कोसळला. खाली ओट्यावर शिवत बसलेले भटू आबा शिंपी जागीच गेले. सज्जा पडल्यानंतरच्या त्या इमारतीचा फोटो माझ्याकडे आठवडाभर आधीपासून होता.

मी आयुष्यभर बातमीदारी केली. भुताखेताच्या बातम्या टोपलीत टाकणारा मीच. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही.

निवृत्तीनंतर मी शहरातल्या जुन्या इमारतींचे फोटो दर महिन्याला त्याच जागेवरून काढतो. काळ त्यांना कुठून झिजवतो, ते टिपण्यासाठी. सज्जा पडायच्या आठवडाभर आधी, एका दुपारी, त्या इमारतीसमोरच्या पानटपरीशेजारी ट्रायपॉड लावला. हवेत मिरचीचा ठसका होता. लागोपाठ तीन फोटो घेतले. घरी पाहिले — पहिल्यात आणि तिसऱ्यात सज्जा होता. मधल्यात नव्हता. भिंतीत तुळयांची रिकामी भोकं, ओट्यावर मोडकी लाकडं, आणि त्यांच्या शेजारी मशीनवर शिवत बसलेले आबा.

दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन गेलो.

"आबा, काही दिवस मशीन दुसरीकडे हलवा."

त्यांनी चष्मा पुसून प्रिंट पाहिली. "तुन्हा कॅमेराले मोतीबिंदू व्हयना वाटस, दादा!"

"थट्टा नाही. लाकूड कुजलंय."

"आरे, फोटोमा सज्जा पडना तरी मी बठेलच शे ना! मंग कसाले उठू?"

प्रिंट त्यांनी मशीनमागच्या खिळ्याला अडकवली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचे — "देख, माले काही व्हत नही."

सज्जा पडला तेव्हा ते तिथेच बसलेले होते.

मूळ फाइल मी सुरतच्या एका जाणकाराकडून तपासून घेतली. फेरफार सापडला नाही. कॅमेऱ्यातही दोष नाही. खुलासा ना त्याच्याकडे आहे, ना माझ्याकडे.

दहाव्यानंतर आबांचा मुलगा घरी आला. "बाबाना चांगला फोटो नही शे. मशीनमांगे व्हता तोच मोठा करी द्या."

"पहिला देतो ना... त्यात इमारत पूर्ण आहे."

मी तिन्ही प्रिंट पुढे केल्या; त्याने त्या शेजारी-शेजारी ठेवल्या. पहिल्यात आणि तिसऱ्यात सज्ज्याच्या सावलीत आबांचा चेहरा काळा पडला होता.

मधला फोटो आता त्यांच्या घरी हार घालून लावला आहे. त्यात आबांच्या चेहऱ्यावर ऊन आहे.