बायजाच्या खांडीवरचे तीन फलक

आज नारळीपौर्णिमा. बांधावरून घरी आले, पाय धुतले, देवाजवळ दिवा लावला आणि लगेच वही घेतली. राग उतरायच्या आत लिहायचं आहे. आमच्या काशीबाईंबद्दल लिहिते आहे.

काशीबाई आमच्या शेजारच्या. वय ऐंशीच्या आसपास. नक्की त्यांनाही ठाऊक नाही. मी निडीची, डोंगराकडच्या भातशेतीतली. लग्न होऊन धरमतरच्या खाडीकाठी या खारातल्या, खाडी अडवून केलेल्या जमिनीवरच्या, गावात आले तेव्हा बांध म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं. "समुद्र भायेर, भात आत. मधी हा बांध. हा हाय म्हणून तुझी चूल हाय," असं म्हणाल्या होत्या.

पूर्वी हा बांध गाव सांभाळायचं. घरटी एक माणूस चिखल वाहायला जायचा. त्याला जोळ म्हणत. मग बांध सरकारनं घेतला, जोळ मोडली आणि बांधाकडे कोणी बघेना. अशाच एका वर्षी उधाणाचं पाणी चढलं आणि बांध फुटून खांड पडली. पुरुष मिठागरावर कामाला. काशीबाईंची सासू बायजा त्या खांडीत छातीएवढ्या पाण्यात उतरली आणि ओरडली, "घरटी एक बाई या गो!" बायका आल्या. चिखलाची ढेपळं हातोहात पुढे गेली. काशीबाई तेव्हा नवी नवरी, हळदीच्या हातांनी पेंढा देत होत्या. ओहोटी लागेपर्यंत बायजा पाण्यातून हलली नाही. गावाचं भात वाचलं.

तेव्हापासून ती जागा बायजाची खांड. कुठल्या कागदावर नाही, पण आजही कोणी "बायजाच्या खांडीला पाणी चढलंय" म्हणालं की घमेलं घेऊन कुठं धावायचं ते सगळ्यांना कळतं.

आता फलकांचं सांगते. बांधावर रस्ता जिथं संपतो तिथं, त्या खांडीशीच, एक लोखंडी खांब आहे. त्यावरचा पहिला फलक आमच्या पंचायत सदस्य नितेशच्या वडिलांनी लावला: 'कष्टकरी नाका'. तेव्हा त्यांना आमची मतं हवी होती. पुढे नितेश दुसऱ्या पक्षात गेला आणि तिथं वडखळच्या बाजूच्या कोणा साहेबांच्या दिवंगत वडिलांचं नाव आलं. त्या माणसानं आमचा बांध कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तरी नितेशला तिकीट हवं होतं ना! आणि यंदा वाऱ्याची दिशा बघून तिसरा पक्ष, तिसरा फलक: 'श्री रघुनाथधाम'. या बापलेकांना कधी कोणाची गरज आहे ते बघायला पेपर वाचायला नको, तो खांब बघावा.

एक मेच्या ग्रामसभेत या तिसऱ्या नावाचा ठराव आला. मी हात वर केला. रोज रामरक्षा म्हणणारी बाई रामाच्या नावाला हात खाली कसा ठेवेल? आम्ही सगळ्याच बायकांनी केले. नितेशला हेच माहीत होतं. साहेबांच्या बापाला आम्ही हसलो असतो. देवाला कोण हसणार?

काशीबाई एकट्या उभ्या राहिल्या. "माझे सासूचं नाव कुठं गेलं रं?"

नितेश हसून म्हणाला, "आजी, खांड म्हणजे फुटकं. गावाला फुटकं नाव कशाला? पाहुणे येतात, लाज वाटते."

"फुटलं म्हणून तर बुजवलं. तू कधी घमेलं उचललंस? तुझे हात बग, नुसत्या फिती कापून मऊ झालेत."

बायका हसल्या, मीसुद्धा. पण ठराव एकमतानं मंजूर असंच लिहिलं गेलं. परत येताना काशीबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगते. वाटलं, एवढा कसला अभिमान, देवाहून मोठा? आज त्या विचाराचीच चीड येते.

आज दुपारच्या भरतीला सगळं गाव बांधावर जमलं. रीत अशी की वडिलांपासून ज्याच्या घरी मान आहे तो गोविंदा खाडीला गाऱ्हाणं घालतो, त्यात बांध राखणाऱ्यांना नावानं हाका मारतो आणि बायजाच्या घरचा नारळ सर्वांत आधी खाडीला जातो. ज्याच्या घरचा नारळ, त्याच्या माणसाला हाक. नितेश मोबाईल धरून तयार होता. गोविंदानं सुरुवात केली, "बा खाडीमाते, या रघुनाथधामाच्या लेकरांना सांभाळ..." आणि बायजाची हाक गाळून पुढच्या नावावर गेला.

काशीबाईंनी नारळ पदराखाली घेतला. "सासूला हाक मारल्याबिगर नारळ नाय."

"म्हातारे, भरती फिरंल!" नितेश म्हणाला. "सगळ्यांचे नारळ अडलेत. देवाच्या कामात खोडा घालतेस?"

लोक कुजबुजायला लागले. कोणी म्हणालं, द्या गो, उगाच अपशकुन. काशीबाईंनी नारळ आणखी घट्ट धरला. मला राहवेना. मी पुढे झाले.

"नितेश, देवाचं काम कोणतं ते मला सांगू नकोस. रामानं सेतू बांधला तेव्हा वाळू आणणाऱ्या खारीच्या पाठीवरून हात फिरवला. तू बांध बांधणारीचं नाव पुसतोस आणि वर त्याचंच नाव पुढे करतोस? माझ्या देवाला तुझ्या निवडणुकीत उभा करू नकोस!"

"वहिनी, तुम्हीपण हात वर केला होता."

"केला होता. चुकले. पदर पसरून काशीबाईंची माफी मागते. तू कोणाची मागशील?"

त्यानं मोबाईल खाली घेतला. मी गोविंदाकडे वळले. "तुमचे वडील कोणतं नाव घ्यायचे?"

गोविंदा मान खाली घालून म्हणाला, "बायजाचंच. या नितेशनं सांगितलं, नवीन नाव घे, जुनं गाळ. देवाचं नाव, म्हणून मी पण..." मग त्यानं पागोटं सारखं केलं आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं. "खांडीत उभी राहिलेल्या बायजामाय, ये गो!" असं खणखणीत म्हणाला. काशीबाईंनी नारळ डोक्याला लावला आणि पाण्यात सोडला. मागून गावाचे नारळ पडले.

नितेशनं घरी पोचायच्या आत फोटो टाकला: 'रघुनाथधाम येथे नारळीपौर्णिमा उत्साहात'. फलक तसाच आहे. पुढचं सरकार आलं की त्याच खांबावर चौथा लागेल, लिहून ठेवते.

पण काशीबाई बांधावरून लगेच निघाल्या नाहीत. गोविंदाच्या मुलीला, भाविकाला, त्यांनी जवळ बोलावलं. "तुझा बाप घाबरट हाय. हाक तू शिक."

"आजी, मुली गाऱ्हाणं घालतात का?"

"खांडीत कोण उतरली होती?"

भाविकानं लाजत, पुटपुटत हाक मारली. काशीबाईंनी तिची हनुवटी खाडीकडे फिरवली.

"मोठ्यानं बोल गो."