तिची शेड तीन नंबर

औषधाच्या त्या दुकानात तिला सगळे मावशी म्हणत. फक्त औषधं देणारा फार्मासिस्ट, जो स्वतःला फार विनोदी समजायचा, तो तिला पाचरंगी म्हणायचा. नाव चपखल होतं. डाव्या हाताच्या पाच नखांवर पाच वेगवेगळे रंग आणि उजवा हात कोरा, असा तिचा अवतार गेली सव्वीस वर्षं होता.

याला कारण मालकांचा चिक्कूपणा. दुकानाच्या डाव्या भिंतीला, खोकल्याची औषधं आणि डायपर यांच्या मधल्या फळ्यांवर, स्वस्तातल्या लिपस्टिका, पावडरी आणि नेलपॉलिशं मांडलेली असत. बाटली उघडून दाखवली की ती विकली जात नाही, म्हणून मालकांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. सोमवारी पाच बाटल्या उघडायच्या, पाच नखांना लावायच्या आणि आठवडाभर गिऱ्हाइकांनी रंग बघायचा तो मावशीच्या बोटांवर. उजवा हात औषधांच्या पुड्या द्यायला, तो स्वच्छ हवा. पुढच्या सोमवारी रिमूव्हरनं सगळं पुसून नवे पाच. फाउंडेशनचंही तसंच. त्याच्या चारच शेड येत. त्यांचे चार पट्टे पालथ्या हातावर ओढायचे, समोरच्या बाईचं मनगट शेजारी धरायचं आणि सांगायचं, "तुम्हाला दोन नंबर."

यात मात्र तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. बायका दहा शंका घेऊन यायच्या, ती एक नजर टाकायची आणि नंबर सांगून मोकळी व्हायची. शेड चुकली, बदलून द्या, असं म्हणत परत आलेली बाई सव्वीस वर्षांत एकही नाही. स्वतःचा नंबरही तिला पाठ होता. तीन. तीन नंबरचा पट्टा तिच्या हातावर असा विरून जायचा की शोधून सापडू नये.

चेहऱ्याला मात्र तिनं कधी काही लावलं नाही. लग्न होऊन आली तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं, आणि सासूबाई गेल्यावर ते बजावण्याचं काम नवऱ्यानं उचललं. "दुकानात उभी राहतेस तेवढं पुरे. तोंड रंगवून जायचं नाही." नखांबद्दल त्याला बोलता येत नव्हतं, कारण नखं म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे घर. त्याच्या स्वतःच्या नोकऱ्या वर्षा-दोन वर्षांनी सुटत. चूक दर वेळी साहेबाची असे. इतक्या साहेबांनी मिळून एकाच माणसाविरुद्ध कट करावा हे नवलच, पण तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. हेच तिचं चुकलं, असं आपलं माझं मत.

मग मालकांचे गुडघे गेले आणि सूनबाई गल्ल्यावर बसायला लागल्या. त्यांनी डावी भिंत उकरून काढली. मोठा आरसा लावला, त्याभोवती दिवे लावले आणि सौंदर्यप्रसाधनांचा वेगळा काउंटर उभा केला. खर्च एका कंपनीनं केला होता, माल तोच, स्वस्तातला, फक्त डब्या चकचकीत. त्या काउंटरवर एकच बाई असणार होती, तीच तिथली मुख्य, पगारही जास्त. आणि तिला बसायला पाठ असलेलं उंच स्टूल मिळणार होतं.

मावशीचं सगळं लक्ष त्या स्टुलावर. सव्वीस वर्षं ती उभी होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं तरी उभी, कारण बसलेला माणूस मालकांना रिकामा वाटायचा. रात्री पोटऱ्या दगडासारख्या होत. काउंटर आपलाच, यात तिला शंका नव्हती. दुसरं होतं कोण? तिची भाची. बहीण गेल्यावर दोन वर्षांपूर्वी तिनंच त्या मुलीला दुकानात चिकटवलं होतं, मालकांच्या हातापाया पडून. झाकण कसं उघडायचं, ब्रश कसा पुसायचा, सगळं तिनंच शिकवलं होतं. धंद्यातली खरी गोष्टही शिकवली होती. "हे बघ, बाई आरशात बघत असली की आधी म्हणायचं, छान दिसतंय हं. काही का दिसेना. तिचं मन मोडलं की ती काहीच घेत नाही. एकदा खूश झाली की मग हळूच दुसरी शेड पुढे करायची."

"आणि दुसरी नाहीच घेतली तर?" भाचीनं विचारलं होतं.

"तर तिचं नशीब. आपण काय तिची आई आहोत?"

सूनबाईंनी बुधवारी मावशीला बोलावलं. "उद्या दहा वाजता कंपनीच्या मॅडम येतायत. काउंटरवर कोण, ते त्याच ठरवणार. त्यांची अट आहे, जे विकायचं ते स्वतःच्या चेहऱ्यावर हवं. तुम्हाला जमेल ना, मावशी? नाहीतर भाचीचं नाव देते एकटीचं."

"न जमायला काय झालं? सगळा माल माझ्या हाताखालून गेलाय."

"हाताखालून गेलाय हो. पण तोंडावर?"

मावशीला ते झोंबलं. तिनं तिथल्या तिथे तीन नंबरची बाटली उचलली, एक विटकरी लिपस्टिक, एक काजळ, आणि सगळं पिशवीत टाकून घरी नेलं. भाचीनंही तिचं सामान घेतलं. ती मात्र बराच वेळ आरशाजवळ रेंगाळत होती, गालाच्या कडेला ठिपके लावून उजेडात जाऊन बघत होती. मावशी हसली होती. म्हणे मोबाईलवर शिकली. हातावरचे पट्टे बघायला जमत नाही, म्हणून हे चाळे.

गुरुवारी सकाळी न्हाणीघराच्या पिवळ्या बल्बखाली तिनं आयुष्यात पहिल्यांदा चेहऱ्याला फाउंडेशन लावलं. बोटं सरावाची होती, कुठे थांबली नाहीत. डोळ्यांखालचे काळे डाग गेले, कपाळावरचे वांग गेले. विटकरी लिपस्टिक तिनं हजार बायकांना सुचवली असेल, ती आज तिच्या ओठांवर आली. ती आरशाकडे बघत राहिली. तिचं तिलाच बरं वाटलं. बावन्नाव्या वर्षी असं वाटणं म्हणजे थोडं नाही.

बाहेर नवरा वर्तमानपत्र पसरून बसला होता. त्यानं मान वर केली आणि फसकन हसला. "हे काय? पिठाच्या डब्यात तोंड घातलंस की काय?"

"चहा ओट्यावर ठेवलाय," ती म्हणाली.

"अगं, खरंच सांगतो. मान वेगळी दिसतेय आणि तोंड वेगळं."

"तुम्हाला मी कधी बरी दिसले होते?"

आणि ती निघाली. आता गंमत बघा. ज्या माणसानं तीस वर्षांत तिच्याशी एक सरळ वाक्य बोलायचं मनावर घेतलं नाही, तो त्या दिवशी अक्षरन् अक्षर खरं बोलत होता. त्याच्या तोंडून आलं म्हणून तिनं ते कानाआड केलं. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

दुकानात भाची आधीच आलेली होती. मावशी आत आली तशी तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि क्षणभर नुसती बघत राहिली.

"कशी दिसतेय गं?" मावशीनं विचारलं.

"छान दिसतंय हं," भाची म्हणाली.

मावशी सुखावली. कसलाही संशय तिला आला नाही.

कंपनीच्या मॅडम वयानं भाचीपेक्षा जेमतेम मोठ्या, सपाट चपला घातलेल्या, घाईत असलेल्या. त्यांनी आरशाभोवतीचे दिवे बंद करायला लावले आणि दोघींना दुकानाच्या दारात, उन्हात उभं केलं. भाचीच्या चेहऱ्यावर काही लावलंय की नाही तेच कळत नव्हतं. मॅडमनी मान हलवली. मग त्या मावशीकडे वळल्या आणि वहीवरचं त्यांचं पेन थांबलं.

"शेड कुठली लावलीत?"

"तीन नंबर."

"नंबर कुणी काढला?"

"मीच. मी सव्वीस वर्षं नंबर काढतेय."

"कशावरून काढता?"

मावशीनं डावा हात पुढे केला. पाच नखं, पाच रंग. पालथ्या हातावर सवयीनं ओढलेला तीन नंबरचा पट्टा. मॅडमनी तो हात धरला, उचलला आणि तिच्याच गळ्याशी नेऊन टेकवला. दुसऱ्या हातानं पर्समधला छोटा आरसा तिच्यासमोर धरला.

उन्हात ते लपण्यासारखं नव्हतं. सव्वीस वर्षं रिमूव्हरनं पट्टे पुसून पुसून तो हात पार उतरून फिका, कोरडा झाला होता. चेहरा मात्र रोज सकाळ-संध्याकाळ उन्हातून चालत दुकानात येत होता. हात तीन नंबरवर थांबला होता आणि चेहरा कधीच पुढे निघून गेला होता. हनुवटीखाली रेघ मारल्यासारखी हद्द दिसत होती. वर चुना, खाली ती.

"मग मला चार नंबर," ती घाईनं म्हणाली. "आत्ता पुसून लावते. दोन मिनिटं लागतील."

मॅडमनी चार नंबरचा ठिपका तिच्या गळ्याला लावला, मान वाकडी करून बघितला आणि पुसून टाकला. आवाज वाईट नव्हता त्यांचा. "चारसुद्धा फिकाच पडतोय, काकू. आमच्यात तुमची शेड येतच नाही."

सूनबाई म्हणाल्या, "काही हरकत नाही मावशी, तुम्ही डायपरच्या बाजूला बसा. म्हणजे, उभ्या राहा. आणि हिला जरा सांभाळून घ्या."

मागच्या खोलीतल्या बेसिनपाशी तिनं तोंड खसाखसा धुतलं. भाची दारात येऊन उभी राहिली.

"तुला सकाळी दिसलं होतं?" मावशीनं नळ बंद न करता विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस? अजून अर्धा तास होता हातात."

"तूच शिकवलंस, आधी छान म्हणायचं."

"ते गिऱ्हाइकाला!"

भाचीनं ओठ चावला. ती रडेल असं मावशीला वाटलं, पण ती रडली नाही. "मावशी, मला खोलीचं भाडं भरायचंय. तू विचारलंस तेव्हा खरं सांगावंसं वाटलं होतं. पण नाही सांगितलं. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण."

मावशीच्या तोंडाशी शिव्या आल्या, पण त्या तिच्या मेलेल्या बहिणीलाही लागल्या असत्या. "टॉवेल दे," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी सवयीनं ती रिमूव्हर आणि कापूस घेऊन बसली आणि पाचही नखं पुसली. मग नव्या पाच बाटल्यांकडे हात गेला आणि तिथेच थांबला. ते आता तिचं काम नव्हतं. डाव्या हाताची उघडी नखं तिनं इतक्या वर्षांत क्षणभराच्या वर कधी पाहिली नव्हती. जुन्या पुस्तकाच्या पानांसारखी पिवळी, उभ्या रेघा पडलेली, कडेला सोलवटलेली. उजव्या हाताची शेजारी ठेवली तर हे दोन हात एकाच बाईचे आहेत असं कुणी म्हणालं नसतं.

भंगारात काढलेल्या मालाच्या टोपलीत, तळाशी, एक शेवाळी रंगाची बाटली होती. नऊ वर्षांत एकही गिऱ्हाईक त्या रंगाला भुललं नव्हतं. तिनं सूनबाईंच्या पुढ्यात पैसे ठेवले, बाटली खळखळ हलवली आणि दहाही बोटांना तोच रंग लावला. उजव्या हाताला लावताना डावा हात अडखळला, कारण ते त्यानं कधी केलंच नव्हतं.

"पाचरंगी, आता काय म्हणायचं तुम्हाला? एकरंगी?" फार्मासिस्टनं विचारलं.

"काही म्हणू नका. जिभेला जरा विश्रांती द्या."

दुपारी एक बाई आली. भाचीनं तिच्यासमोर रंगांचा तक्ता धरला, पण छापील ठिपक्यांवर बाईचा विश्वास बसेना. "बोटावर कसा दिसतो ते दाखवा ना. इथे पूर्वी त्या मावशी दाखवायच्या." भाची स्टुलावरून उतरली आणि डायपरच्या फळीपाशी आली. तिची नखं कंपनीच्या नियमाप्रमाणे एकाच फिक्या गुलाबी रंगाची होती.

"मावशी, जरा हात दाखव ना."

हात आपोआप पुढे गेला. सव्वीस वर्षांची सवय, तिला लाज कुठली. बाई वाकली, बोटांकडे बघितलं, आणि तिचे डोळे चमकले.

"अय्या, हा कुठला? हाच द्या मला."

बाटली मावशीच्या दुकानातल्या कोटाच्या खिशात होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. दुकानात तेवढी एकच.

"संपला," मावशी म्हणाली.

"परत कधी येईल?"

"येणार नाही. बंद झाला तो."

बाई जरा घुटमळली आणि काहीच न घेता गेली. गल्ल्यावरून सूनबाईंनी मान वर करून बघितलं. भाची मावशीच्या फुगलेल्या खिशाकडे बघत होती.

"मावशी, गिऱ्हाईक गेलं ना."

"गेलं तर गेलं." मावशीनं डायपरचं पाकीट फळीवर सरळ केलं. "छान दिसतंय हं, ते स्टूल तुला. जा, बस."