मोगरीची शिंगं आणि हळदीचा जनरेटर

द्रौपदी गायकवाडला साधं चालता येतच नसे. दूध घालायला निघाली तरी बघणाऱ्याला वाटे, कुठेतरी काहीतरी घडलंय आणि ही तिकडेच धावतेय. दिघाशी गावातल्या बायका तिला लांबून बघूनच विचारायच्या, “आज काय नवीन काढलंस गं?” आणि तिच्याकडे रोज काहीतरी नवीन असायचंच.

पन्नाशीला टेकलेली बाई. राहनाळच्या एका गोदामात तिने बरीच वर्षं खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. मग एके दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, “मना आता जित्ती वस्तू सांभाळायची हाय. खोकी पुरे झाली.” आणि पहिली गाय आणली. नवरा जानू शांत माणूस. त्याने लगेच गोठ्याला पत्रे ठोकायला घेतले. आता गोठ्यात संकरित गायींची एक रांगच उभी होती.

त्या गोठ्यात उन्हाळ्याच्या तोंडाला वाईट गोष्ट घडली. हरणी नावाची गाय मोठी शिंगाळ. पेंडीच्या पाटीवरून शेजारी बांधलेल्या गायीशी तिचं बिनसलं आणि तिने शिंग घातलं ते थेट कासेत. डॉक्टर आले, टाके पडले, गाय वाचली. पण एक सड कायमचा गेला. द्रौपदी मध्ये पडली होती, तिच्या दंडावरही लांब ओरखडा उठला. औषध लावता लावताच तिने जाहीर केलं, “माझ्या गोठ्यात आता नवीन शिंग उगवणार न्हाय.”

हरणीलाच महिन्यापूर्वी कालवड झाली होती. मोगरी तिचं नाव. पांढरीशुभ्र, कपाळावर तपकिरी ठिपका. डोक्यावरून हात फिरवला की केसांखाली दोन्हीकडे टणक गाठी लागायच्या. शिंगांचे कोंब.

“आता ते काढायचे कसे?” रात्री जेवताना द्रौपदीने विचारलं.

“काळूराम हाय ना,” जानू म्हणाला. “सळई लाल करतो आणि ठेवतो. दोन मिंटात काम.”

काळूरामदादा गावातला जुना जाणकार. बैलाचं शिंग वळून डोळ्यात जायला लागलं की करवत घेऊन त्यालाच बोलवायचे. वासरांना डागही तोच द्यायचा. पण द्रौपदीने लहानपणी तो डाग पाहिला होता. चार माणसांनी दाबून धरलेलं वासरू, आणि गळ्यातून येणारा तो आवाज. तिने पुढ्यातली भाकरी तशीच ठेवली. “तसा न्हाय,” ती म्हणाली. “दुसरं काय असेल ते शोधू.”

आणि तिने शोधायला घेतलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, दूध नेणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारलं, पडघ्याच्या बाजारात अनोळखी माणसांना थांबवून विचारलं. तिचा मुलगा रवींद्र राहनाळलाच गोदामात सुपरवायझर होता. एका संध्याकाळी तो हातात छोटं पार्सल नाचवत आला. “आई, पेस्ट! कोंबावर लावायची. आग न्हाय, सळई न्हाय, काय न्हाय. आतल्या आत कोंब जळून जातो.”

द्रौपदीला इतका आनंद झाला की तिने तेव्हाच हातमोजे घातले. सून सोनलने तिचा हात धरला. “आत्या, थांबा. डॉक्टरीणबाईंना एक फोन तरी करा.”

डॉक्टर तनया टेमघरला राहायची, जनावरांची डॉक्टर. तिशीही ओलांडली नव्हती. तिच्या स्कूटरच्या डिकीत औषधांबरोबर नेहमी गूळ असायचा, वासरांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. तिने मोगरीच्या डोक्यावर बोटं फिरवली, मग गोठ्याच्या छताकडे पाहिलं. उन्हाळ्यासाठी जानूने बसवलेले पाण्याचे फवारे भुरभुरत होते.

“मावशी, पेस्ट वाईट नाही,” ती म्हणाली. “पण ती जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत लावायची. हिचे कोंब आता मोठे झालेत. शिवाय हिच्या डोक्यावर पाणी पडतंय. पेस्ट वितळून डोळ्यात उतरली तर डोळा जाईल.”

“आणि ही आईला पिते,” सोनल मध्येच म्हणाली.

“तेच सांगणार होते. डोकं कासेला घासलं की कास भाजणार.”

द्रौपदीने हातमोजे काढले. “मग?”

“मग डागणीच. पण विजेवर तापणारी, आणि आधी बधिर करून. डोळ्याच्या मागून एक शीर जाते, तिथे इंजेक्शन द्यायचं. नंतर दुखू नये म्हणून आणखी एक. तिला फक्त आपण धरल्याचा राग येईल.”

“आणि मोठी होऊ दिली तर?”

“मग शिंग कवटीला जोडलं जातं. तेव्हा कापलं तर रक्तच रक्त.”

जानू खांबाला टेकून ऐकत होता. “शिंगाबिगर गाय म्हंजे...” असं काहीतरी तो पुटपुटला, पण टाके पडलेल्या गायीकडे त्याची नजर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं.

“डॉक्टरबाय,” द्रौपदी म्हणाली, “आजच करा.”

तनयाने इंजेक्शनं दिली. काळूरामदादा कुतूहलाने आलाच होता. त्याने न सांगता मोगरीची मान काखेत घेतली. थोडा वेळ थांबायचं होतं. तनयाने डागणीची वायर बोर्डात खोचली आणि तेवढ्यात पंखा थांबला. फवारेही आपोआप बंद झाले. वीज गेली.

रवींद्रने वीज मंडळाच्या माणसाला फोन लावला. “संध्याकाळपर्यंत न्हाय येणार म्हणतो.”

“बधिरपणा किती वेळ राहील?” द्रौपदीने विचारलं.

“तासभर, जरा जास्त. नाहीतर मला पुन्हा कधीतरी यावं लागेल, पुन्हा सगळं टोचावं लागेल.”

बोलणं संपायच्या आत गावाच्या दुसऱ्या टोकाकडून धप्पकन आवाज आला. मग, “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!” तिकडे राहणाऱ्या आक्काच्या मुलीची संध्याकाळी हळद होती. डीजेवाला विठू मांडवात आवाज तपासत होता. वीज नसताना.

“जनरेटर!” द्रौपदी ओरडली. “रवी, आपला टेम्पो काढ!”

मोगरीला सोनलच्या मांडीवर देऊन, काळूरामदादाला सोबत घेऊन टेम्पो निघाला. तनया स्कूटरवर मागून. द्रौपदी मात्र पळतच गेली. टेम्पोची वाट बघणं तिच्याच्याने झालं नसतं. ती मांडवात शिरली तेव्हा धाप इतकी लागली होती की तिला काही बोलताच येईना. तिने नुसतं जनरेटरकडे बोट दाखवलं.

आक्का, नवरीची आई, कमरेवर हात ठेवून पुढे आली. मागोमाग पोचलेल्या रवींद्रकडून सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “द्रौपदे, माझ्या पोरीची हळद हाय आज. मांडवात वासरू हंबरडा फोडणार? मना न्हाय चालायचा.”

“एकदा जरी ओरडली,” द्रौपदी म्हणाली, “तर मी तिला खांद्यावर उचलून घरी नेते. शब्द हाय माझा.”

आक्काने विठूला हाताने खूण केली. विठूने गाणं बंद केलं.

मांडवाच्या कडेला, जनरेटरच्या बाजूला ताडपत्री अंथरली. पानं लावणाऱ्या बायका, पताका बांधणारी पोरं, भटारखान्यातला आचारी, सगळे गोळा झाले. नवरीसुद्धा केस मोकळे तसेच घेऊन आली. डागणी तापली. तनयाने आधी सुईने कोंबाच्या कडेला टोचलं. मोगरीने कानही हलवला नाही. दुसऱ्या बाजूला टोचलं. काही नाही.

द्रौपदी मोगरीला उचलायला पदर खोचून तयार उभी होती. शब्द दिला होता तिने, भर मांडवात.

तनयाने डागणी कोंबावर टेकवली आणि हलकेच फिरवली. केस जळल्याचा वास आला. मोगरीने मागच्या पायांनी एकदा झटका दिला. काळूरामदादाच्या काखेत तिची मान तशीच राहिली. कोंबाभोवती तांब्याच्या रंगाचं गोल कडं उमटलं. मग दुसऱ्या बाजूला. आणि ती पोर, ती मोगरी, तनयाच्या ओढणीचं टोक चघळायला लागली.

“झालं,” तनया म्हणाली.

“झालं?” काळूरामदादा मान सोडायलाच विसरला. “एवढ्यातच? आणि ही रडली न्हाय?”

“रडली न्हाय!” द्रौपदी मोठ्याने म्हणाली, मग आणखी मोठ्याने, “आक्का, रडली न्हाय!” आणि तिने आक्काला मिठीच मारली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. विठूला राहवलं नाही, त्याने गाणं लावलं. तनयाने जखमेवर औषधाचा फवारा मारला, माशा बसू देऊ नका म्हणून बजावलं, आणि मोगरीला गुळाचा खडा दिला.

आक्का तिथेच घुटमळत होती. शेवटी ती तनयाजवळ सरकली. “डॉक्टरबाय, आमच्याकडं पन एक हाय. बारकाच हाय. आणू का? जनरेटर चालूच हाय ना.”

त्या दुपारी मांडवात आणखी वासरं आली. तनयाची औषधं संपली तेव्हाच ते थांबलं. वासरं धरायला प्रत्येक वेळी काळूरामदादाच होता; त्याच्यासारखं न दुखवता धरणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. जाताना त्याने तनयाचा नंबर नातवाकडून मोबाईलमध्ये टाकून घेतला. “परत कधी निघालीस तर सांग. मी येतो धरायला.”

मोगरीच्या खपल्या यथावकाश गळून पडल्या आणि तिथे केस उगवले. जानू रोज तिथे खाजवतो. मोगरीला ते इतकं आवडतं की त्याला बघितलं की ती डोकं पुढे करते.

द्रौपदीला आता आजूबाजूच्या गावांतून फोन येतात. ती जेवत असो की झोपलेली, उठून बसते आणि प्रश्न सुरू करते. किती दिवसांचं हाय? आईला पितं की बाटलीवर? कोंब हाताला हलतो की घट्ट झालाय? परवा अंबाडी गावाच्या बाजूला एका घरी चार दिवसांचं वासरू होतं, बाटलीवर वाढवलेलं, कोरड्या जागी वेगळं बांधलेलं. तिने तनयाला फोनवर सगळं सांगून विचारलं. मग घरच्यांकडे वळून ती म्हणाली, “इथं पेस्टच बरी. डॉक्टरीण येऊन लावून दाखवेल. तोवर कोणी हात लावायचा न्हाय.” आणि चहा अर्धा ठेवून ती बाहेर पडली, कारण पलीकडच्या आळीत आणखी एक गाय व्याली होती.