पॅसिफिकमध्ये क्लोरीन

लग्नाआधी मला वाटायचं, इतकी संशयी माणसं फक्त मालिकांमध्येच असतात. मग मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या एका छोट्या वॉटर टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी लागली आणि दोनच महिन्यांत लग्नही झालं. आता दोन्हीकडे पाहते! आमच्याकडे येणारी प्रत्येक बाटली एक किस्सा घेऊन येते. तपासून झालेलं पाणी आम्ही ओतून देतो, किस्से मात्र ओतता येत नाहीत. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साचलेत.

लॅबमध्ये आम्ही तिघं. मालक साळवे सर, आधी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. काउंटरवर बाटल्या घेणारे शेख चाचा. आणि मी.

*

एकदा शेंद्र्याकडचे एक काका स्टीलच्या डब्यात विहिरीचं पाणी घेऊन आले. विहिरीशेजारून नाला जातो, म्हणून शंका. चाचांनी डबा हातात घेतला आणि पटकन खाली ठेवला. गरम!

"काका, विहीर गरम पाणी की है क्या?"

"नाय ओ! फडक्यानं दोनदा गाळलं, चांगलं खळखळ उकळलं, मग आणलं."

"पण का?" मी विचारलं.

"आता तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसांपुढं घाण पाणी आणायचं व्हय? बरं दिसतं का ते!"

*

एका सोसायटीचे चेअरमन दोन बाटल्या घेऊन आले. एक ए विंगची, एक बी विंगची. बी विंगवाल्यांना चांगलं पाणी जातं, असा त्यांचा पक्का संशय. टाकी एकच होती, पण ते ऐकायलाच तयार नाहीत.

रिपोर्ट आला. दोन्ही पाणी अगदी सारखं.

त्यांनी दोन्ही कागद उजेडात धरून पाहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्हीपण बी विंगलाच मिळालात!"

*

एका कारखान्याचे मॅनेजर सांडपाण्याचं सॅम्पल घेऊन यायचे. सर प्रत्येक वेळी ओरडायचे, प्रत्येक वेळी ते हसायचे. "सर, आम्ही नाल्यात सोडतो. नाला पुढं कुठं जातो, आम्हाला काय माहीत?"

एके दिवशी सरांनी त्यांना भिंतीवरच्या नकाशासमोर उभं केलं आणि बोट फिरवलं. "नाला नदीला. नदी गोदावरीला, धरणात. तिथून बंगालचा उपसागर, मग हिंदी महासागर. आता त्या धरणातलं पाणी शहरात कोणाच्या नळाला येतं, सांगा?"

मॅनेजरांनी नकाशावर आपला नाला शोधला. मग एकदम खुलले. "पण मी नळाचं पितच नाही! आमच्याकडं जार येतो."

काउंटरवरून चाचा म्हणाले, "हौ साब. वो जारवाला परसों सॅम्पल लेके आया था. तब से परेशान है बेचारा."

*

आता सरांच्या फळीबद्दल. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सर एकच सांगतात, "चॉकलेट नको, समुद्र आण." त्यामुळे लॅबमध्ये एका फळीवर लहान लहान बाटल्या आहेत. लाल समुद्र, भूमध्य समुद्र, नाईल, बैकल सरोवर. चाचा रोज त्यांच्यावरची धूळ पुसतात. "आज पूरी दुनिया पोछी," म्हणतात.

सर त्यातला एकेक थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवतात. जवळजवळ प्रत्येकात एखादा नायलॉनचा धागा सापडतोच. "समुद्र बदलतो, धागा तोच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरंही एक आहे. "ही सगळी फळी म्हणजे जगातलं पाणी धर. त्यातलं आपल्याला पिण्याजोगं या एका झाकणात मावेल. आणि आपण त्याच झाकणात हात धुतो!"

तर, मागे एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून पॅसिफिक घेऊन आला. सर हरखले. चाचा मात्र बाटलीकडे पाहतच राहिले. "सर, इत्ते दूर से आया, पर ढक्कन पे अपने इधर का स्टिकर?"

सरांनी त्यात क्लोरीन तपासायचं औषध टाकलं. दोनच थेंब. पाणी पिवळं!

"अरे, पॅसिफिकमध्ये क्लोरीन कोण टाकतं?"

पोरगा लाल. खरी बाटली बॅगेत फुटली होती. सर नाराज होतील म्हणून त्यानं सकाळी घरच्या नळाचं पाणी भरलं होतं, वर दोन चमचे मीठ!

ती बाटली सरांनी टाकली नाही. ती अजून फळीवर आहे. नाव तेच, पॅसिफिक.

*

आता घरचा किस्सा. पुंडलिकनगरात आमच्या घरामागे बोअर आहे, आणि ते सासूबाईंचं सर्वांत लाडकं अपत्य आहे. माझा नवरा निखिल दुसरा नंबर. "आमचं पाणी लई गोड. वीस वर्षांत कोणाचं पोट दुखलं नाय," असं त्या नळाला पाणी न आलेल्या प्रत्येक दिवशी सांगतात, म्हणजे आठवड्यातून सहा दिवस.

मला पहिल्या घोटालाच शंका आली. शेजारच्यांनी बोअरपासून चार पावलांवर सांडपाण्याचा नवीन शोषखड्डा केला होता. मी डब्याच्या पिशवीतून गुपचूप बाटली लॅबमध्ये नेली. आमच्या तपासणीत चांगल्या पाण्याची बाटली दोन दिवसांनी आहे तशीच राहते. सांडपाणी मिसळलेलं असेल तर काळी पडते.

आमची काळी झाली. अगदी शाईसारखी.

निखिलला विचारलं, "आईंना सांगशील?"

"मी? मला याच घरात राहायचंय!"

मी पाणी उकळायला लागले. सासूबाईंना त्याचाही संशय. "गॅस कसा काय इतक्या लवकर संपतोय गं?" पिशवीत रिकामी बाटली सापडली, तेव्हापासून तर त्या माझ्यावर लक्षच ठेवून होत्या.

आम्ही उकळून पीत होतो. पण समोरच्या वैशालीताई रोज संध्याकाळी बोअरची कळशी न्यायच्या. त्यांचं बाळ चार महिन्यांचं. त्याचं पावडरचं दूध त्याच पाण्यात, आणि तेही न उकळता. सासूबाईंनीच सांगितलं होतं, "उकळल्यानं चव जाते."

एके दिवशी बाळाला जुलाब झाल्याचं कळलं. मला जेवण गेलं नाही. ताट बाजूला सारून मी म्हणाले, "आई, बोअरमध्ये घाण उतरतेय. मी तपासलंय. बाळासाठी तरी ते पाणी बंद करा."

लग्न झाल्यापासून त्या घरात मी बोललेली ही सर्वांत लांब वाक्यं.

सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुझ्या बाटलीवर माझा विश्वास नाय. उद्या मी भरून देते. तू बोअरला हात लावायचा नाय."

सकाळी त्यांनी बाटली दिली. झाकणाला लाल दोरा, त्याला तीन गाठी.

लॅबमध्ये सरांनी गाठी सोडल्या, औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं.

सर माझ्याकडे पाहायला लागले. "रेवती, तुमच्या बोअरला क्लोरीन कोण टाकतं?"

मागून चाचा म्हणाले, "सर, ये भी पॅसिफिक है क्या?"

मग आठवलं. त्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं होतं.

संध्याकाळी घरी पोचले तर सासूबाई ओट्याजवळच उभ्या. "काय निघालं?"

"पाणी चांगलं आहे आई," मी चप्पल काढत म्हणाले. "अगदी नळासारखं."

त्यांनी पदराला हात पुसले. तेवढ्यात फाटक वाजलं. वैशालीताई, कडेवर बाळ, हातात कळशी. आता ह्या ते 'चांगलं' पाणी भरून देणार!

सासूबाई पुढं झाल्या. "बोअरचं आता मिळायचं नाय बाई. मोटर जळली. हे ने, सूनबाईनं उकळलेलंय. आणि बाळाला रोज असंच द्यायचं, ऐकलंस?"

माझं पातेलं त्यांनी कळशीत रिकामं केलं. घरामागून घर्रर्र आवाज येतच होता. वैशालीताईंनी कान टवकारले.

सासूबाईंनी मान वळवली आणि आत जोरात ओरडल्या, "निखिल! ती जळलेली मोटर बंद कर आधी!"